सातवा बार

काष्टीच्या आसपासच्या दहा-वीस गावांत सहादेवला लोक सुरुंगवाला म्हणत. विहीर खोदता खोदता खाली काळा खडक लागला, टिकाव चालेना, की माणूस त्याला बोलवायला येई. खडकात हातभर खोल भोकं पाडायची, त्यात दारूचे तोटे ठासायचे, वाती लावायच्या आणि उडवून द्यायचे. एकेका स्फोटाला तिकडं बार म्हणतात. वाती कमी-जास्त लांबीच्या ठेवल्या की बार एकापाठोपाठ एक वाजतात आणि मोजता येतात. सात भरले असतील तर सातही वाजले पाहिजेत. एखादा मागं राहिला आणि माणूस खाली उतरला, तर पुढं काय झालं ते सांगायला तो वर येत नाही.

मोजायचं काम सहादेवचं. बांधाआड सगळे कान झाकून बसत, तो एकटा कान उघडे ठेवून बसे. शेवटचा बार झाला की उठून, धोतर झटकून, रोजच्याच आवाजात म्हणे, "झाले." त्यानं झाले म्हटल्याशिवाय कुणी विहिरीकडं पाऊल टाकत नसे आणि म्हटल्यावर कुणी पुन्हा विचारत नसे. अठरा वर्षांत त्याच्या हाताखाली एक माणूस दगावला नव्हता.

घरी बायको मनकर्णा आणि दोन मुली. थोरली विजयमाला सोळाची, धाकटी बाराची. सहादेव दारू पीत नव्हता, बायकोवर त्यानं कधी हात उचलला नव्हता, बाजारातून येताना तिच्यासाठी बांगड्या आणायचा. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, मनकर्णे, तुझं नशीब बाई. मनकर्णा पदर सावरून घागर उचलायची. आपला नवरा बारा महिने बाहेर ओट्यावर झोपतो, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यात तो म्हणायचा, आत उकडतं. पावसाळ्यात म्हणायचा, विहिरीतली धूळ छातीत बसलीय, माझ्या खोकल्यानं पोरींची झोपमोड होते. थंडीत काहीच म्हणायचा नाही, घोंगडी उचलून जायचा. लग्नानंतरच्या पाच-सहा वर्षांत दोन मुली झाल्या, तेवढंच.

कारण सहादेवला ठाऊक होतं. एकोणीस वर्षांचा असताना एका उन्हाळ्यात तो आणि आसाराम नावाचा त्याचा तालमीतला जोडीदार भीमेच्या वाळूत टरबुजाच्या वाडीवर राखणीला होते. दोन महिने एका खोपटात. तिथं दोघांत जे झालं त्याला सहादेवकडं शब्द नव्हता. गावात एक शब्द होता, पण तो शिवी म्हणून वापरत. एका सकाळी आसारामचा बाप न सांगता वाडीवर आला, खोपटाच्या तोंडाशी जरा वेळ उभा राहिला आणि काही न बोलता मागं फिरला. आठ दिवसांत आसारामला मामाकडं धाडलं. तो परत आला नाही. बापानं त्यानंतरही कुठं वाच्यता केली नाही, पण रस्त्यात भेटला की सहादेवकडं बघून मान वळवायचा. ती वळलेली मान सहादेवच्या स्वप्नात यायची. त्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर त्यानं स्वतःहून आईला सांगितलं, माझं लगीन उरकून टाक. आई हरखली. सुरुंगाचं काम तो त्याच वर्षी शिकला. त्या कामात मनात दुसरं काही आणून चालत नाही, हे त्याला बरं वाटलं.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. दिवाळीला भीमेच्या पात्रात वाळू आणि मधे मधे हिरवट डबकी उरली. रेशनला परदेशातला लाल मिलो, ज्वारीसारखं धान्य, मिळायला लागला. त्याच्या भाकरीला ना चव ना वास. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, आणि ज्यांच्याकडं विहिरी होत्या त्यांनी त्या आणखी खाली न्यायला घेतल्या. सहादेवला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. दिवसभर सगळ्या शिवारांतून बारांचे आवाज येत. लांबून ऐकलं तर जमिनीच्या पोटात कुणी दारं आपटतंय असं वाटे.

पौषात त्यानं आप्पासाहेबांच्या मळ्यातली विहीर घेतली. पन्नास फूट खोल आणि तळाला पाऊलही बुडणार नाही इतकं पाणी. काठावर लाकडी यारी रोवली होती. दोघांनी दांडा फिरवला की तारेचा दोर गुंडाळला जाई आणि दगडांनी भरलेला लोखंडी डोल वर येई. माणसंही त्याच डोलातून वर-खाली करत. यारीवर म्हातारा भिमाजी आणि त्याचा भाऊ. खाली सहादेव. आणि त्याच्या जोडीला रंगनाथ.

रंगनाथ पाथर्डीकडचा. दर साली ऊसतोडीला जाणारा. त्या साली ऊसच वाळून गेला, तेव्हा काम शोधत इकडं आला. तिशीचा, काळा, रुंद मनगटांचा. सतत काहीतरी गुणगुणायचा. पहार धरायचं काम त्याचं. तो पहार उभी धरी, सहादेव वरून घण मारी, प्रत्येक घावानंतर रंगनाथ पहार थोडी फिरवी. घण बोटभर सरकला तर धरणाऱ्याच्या हाताचा चेंदामेंदा. अशा कामात मारणारा माणूस पहारीच्या डोक्याकडं बघतो, दुसऱ्याच्या हाताकडं बघत नाही. महिनाभरात सहादेव हाताकडं बघायला लागला.

त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो घाबरला. संध्याकाळी घरी जाऊन त्यानं थंड पाण्यानं अंघोळ केली, देवापुढं बसला, आणि दुसऱ्या दिवसापासून दर घावाला मनात आकडा म्हणायला लागला, म्हणजे दुसरं काही येऊ नये. पन्नास, एक्कावन्न, बावन्न. रंगनाथ खालून म्हणाला, "दादा, आज वठ हालायलेत तुमचे. जप करता का काय?"

"गप पहार धर," सहादेव म्हणाला.

माघातल्या एका दुपारी दगडाची कपची उडून सहादेवच्या डोळ्यात गेली. त्याला दिसेना. रंगनाथनं पहार टाकली, त्याला खडकाला टेकवून बसवलं, एका हातानं त्याची हनुवटी वर धरली आणि उपरण्याचं टोक जिभेवर ओलं करून डोळ्यातली कपची हळूच टिपायला लागला. त्याला बराच वेळ लागला. पन्नास फुटांवर आभाळाचा गोल तुकडा होता, भिमाजी काठावर नव्हता, आणि रंगनाथचा श्वास सहादेवच्या तोंडावर येत होता. कपची निघाली. रंगनाथनं हनुवटीवरचा हात मात्र लगेच काढला नाही. सहादेवनंही मान सोडवून घेतली नाही. नुसतं तेवढंच झालं. पण अठरा वर्षं जे त्यानं वाळूत पुरलं होतं असं त्याला वाटत होतं, ते जिवंत होतं आणि एवढा वेळ त्याच्या अंगातच बसून होतं, हे त्याला त्या खड्ड्यात कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिमाजी आणि त्याचा भाऊ जेवून मळ्यातल्या वस्तीवर पाणी प्यायला गेले. हे दोघं बाभळीखाली राहिले. सहादेवनं मनकर्णानं दिलेली भाकरी सोडली, पण त्याला घास जाईना.

रंगनाथ म्हणाला, "दादा, एक बोलू? रागावू नका."

"बोल."

"कालचं. मला म्हाइत हाय तुमच्या मनात काय हाय ते."

सहादेवच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "काय हाय माझ्या मनात?"

"जे माझ्या मनात हाय तेच." रंगनाथ हसत नव्हता. "म्या बी बायकोवाला हाय. मला बी वाटायचं, सगळ्या दुनियेत असा म्या एकलाच. ऊसतोडीला कोप्यांत ऱ्हाताना एक जन भेटला हुता, त्यो म्हनला, न्हाई रं, लई हायेत, पर बोलत न्हाईत. तुमी पयल्या दिवशी घण उचलला, तवाच मला वळखू आलं."

"कुनी शिकवलं तुला असं बोलायला?" सहादेवचा आवाज चिरकला. "चार मानसांत बोललास तर जीभ उपटून हातात दीन."

"चार मानसांत कामून बोलू? मला मरायचं हाय का?" रंगनाथनं हात पुढं केला आणि सहादेवचं मनगट धरलं. घट्ट नाही, नाडी बघावी तसं. "निस्तं सांगितलं. तुमी एकले न्हाई, एवढंच."

सहादेवनं हात सोडवला आणि उठून विहिरीकडं गेला. आपल्याला संताप आलाय, असं त्याला वाटलं. खरं म्हणजे तो संताप नव्हता. रंगनाथनं शिवी दिली असती, तोंडावर थुंकला असता, तर त्याला सोसलं असतं. पण कुणी ‘मलाही तसंच आहे’ म्हणेल, हे त्यानं कधी मनात आणलं नव्हतं. आता दार उघडं होतं. उद्या, परवा, कधीतरी तो त्यातून आत जाणार, हे त्याला दिसत होतं. मग कुणीतरी न सांगता येणार, उंबऱ्याशी उभं राहणार, मान वळवणार. विजयमालाला बघायला पाव्हणे येणार होते. गावात तोच शब्द तिच्या बापाच्या नावापुढं लागणार.

पुढचे चार दिवस तो रंगनाथशी बोलला नाही. रंगनाथनंही पुन्हा विषय काढला नाही. गुणगुणणं मात्र थांबलं. यारीवरून भिमाजी ओरडला, "काय रं, खाली मयत बियत झालंय का? आवाज न्हाई कुनाचा."

पाचव्या दिवशी सात भोकं तयार झाली. रंगनाथ आधी वर गेला. सहादेवनं वाती कापल्या, तोट्यांना लावल्या, तोटे भोकांत भरून वर माती ठासली. सातवी वात भोकात सोडताना ती तळातल्या ओलीत भिजल्याचं त्याच्या अंगठ्याला लागलं. ती वात बदलायला हवी होती. त्यानं बदलली नाही. मुद्दाम का नकळत, ते त्याला पुढं कधीच ठरवता आलं नाही.

बत्ती दिली, डोलात उभा राहून दोर हलवला, वर आला, आणि हात उंचावून आरोळी दिली, "बार हाय रं, बार!" चौघं बांधाआड पळाले.

एक. दोन. तिसरा आणि चौथा जवळजवळ लागून. पाच. धुळीचा लोट विहिरीतून वर आला, चार दगड बाभळीपर्यंत उडाले. सहा.

सहादेव थांबला. बांधाच्या पलीकडं दगड खाली पडल्याचे आवाज विरत गेले. ऊन मातीवर पांढरं पडलं होतं. भिमाजीनं कानावरचे हात काढले आणि त्याच्याकडं बघितलं. भिमाजीचा भाऊ बिडी शोधत होता. रंगनाथ गुडघ्यांत डोकं घालून बसला होता, त्याच्या मानेवर धूळ होती.

सहादेव उठला. धोतर झटकलं.

"झाले," तो म्हणाला.

आवाज रोजचाच निघाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं. पुढं कितीतरी दिवस त्याला भय वाटायचं ते ह्याचंच, की आवाज जरासुद्धा कापला नव्हता.

धूर कमी झाल्यावर आधी एकानं उतरून सैल दगड पाडायचे असत. ते काम रंगनाथचं. त्यानं एक पाय डोलात घातला, दोर धरला, आणि सहादेवकडं बघितलं. क्षणभरच. मग यारी कुरकुरायला लागली आणि त्याचं डोकं काठाखाली गेलं.

सहादेव तारेकडं बघत उभा होता. तार उलगडत होती. त्याला काही वाटत नव्हतं. एक हलकेपणा होता. आता संपेल. आता आपण घरी जाऊ, आत झोपू, मनकर्णाशी नीट वागू. लोक म्हणतील, सुरुंगाचं काम, कधीतरी व्हायचंच. भिमाजी दांडा फिरवत होता. दहा फूट, वीस फूट.

तेवढ्यात विहिरीतून आवाज आला, घुमत, खोकत. "दादाऽ, धूर लई हाय वो."

आणि सहादेव ओरडला. तो काय ओरडला ते त्याला स्वतःला ऐकू आलं नाही. भिमाजीनं नंतर सगळ्या गावाला सांगितलं, सहादू असा वरडला की माझ्या हातातनं दांडाच सुटत हुता. "वर घ्या! वर घ्या, एक राहिलाय!" त्यानं स्वतः दांड्याला हात घातला. तिघांनी मिळून डोल असा ओढला की रंगनाथचा खांदा काठाच्या दगडाला घासून सोलला. तो वर आला, मातीत बसला. तिघं त्याला धरून पुन्हा बांधाआड गेले.

विहिरीतून काही आवाज आला नाही. अर्धा तास झाला, तास झाला. नुसती धूळ खाली बसत राहिली.

"तू तर झाले म्हनलास," भिमाजी म्हणाला.

"चुकलं. मग ध्यानात आलं."

"देवानंच ध्यानात आनून दिलं म्हनायचं."

संध्याकाळी रंगनाथनं आपलं बोचकं बांधलं आणि नगरच्या रस्त्याला लागला. खांद्याच्या जखमेवर हळद लावायलासुद्धा थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहादेव एकटा खाली उतरला. सातव्या भोकात त्यानं घागरभर पाणी ओतलं, भिजलेली माती लाकडी काडीनं उकरून काढली, वात बाहेर ओढली. तोटा पेटवणाऱ्या टोपीपासून बोटभर अंतरावर ती विझली होती. विहीर त्यानं पुरी केली नाही. आप्पासाहेब म्हणाले, "घाबरलास? अरे, तू माणूस वाचवलास." दुसऱ्याच्या हाती काम गेलं.

गावानं त्याला डोक्यावर घेतलं. देवळात नारळ फुटला. चावडीवर भिमाजी रोज ती गोष्ट सांगे आणि रोज ती थोडी वाढे. सहादेव समोर आला की बायका पोरांना सांगत, ह्या काकांच्या पाया पड. तो घराबाहेर पडेनासा झाला. अन्न गोड लागेना. बार वाजला, कितीही लांब वाजला, की तो मोजायला लागे, आणि सहावर येऊन त्याला घाम फुटे. मनकर्णा हे बघत होती. तिनं एकदा विचारलं, "कुनी करनी केली का?" तो म्हणाला, "व्हय. मीच."

फाल्गुनात त्यानं नगरची गाडी धरली, तिथून पाथर्डीची एसटी, आणि पुढं तीन कोस चालत रंगनाथचं गाव गाठलं. शिवार उघडं-बोडकं, डोंगरावर गवताची काडी नाही. रंगनाथच्या घरापुढं एक बाई शेणाच्या गोवऱ्या रचत होती. ती त्याची बायको केशरबाई. सहादेवनं नाव सांगितलं तशी ती हात पुसत आली आणि त्याला काही कळायच्या आत त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"तुमी व्हता म्हनून माझं कुंकू ऱ्हायलं, दादा."

सहादेव मागं सरकला. भिंतीला टेकला. ती आत जाऊन पाणी घेऊन आली, घोटभरच होतं, सगळं त्याला दिलं. "पानी दोन कोसावरनं आनावं लागतं," ती म्हणाली, "पर तुमाला न्हाई म्हनायचं का?" त्याला ते प्यावं लागलं.

रंगनाथ तलावाच्या कामावरून दुपारी आला. सहादेवला बघून तो उंबऱ्यात थांबला. मग बायकोला म्हणाला, "म्या ह्यांना फाट्यापस्तोर घालवून येतो." दोघं निघाले. गाव मागं पडलं.

सहादेव म्हणाला, "मला सहाच ऐकू आले हुते. तरी मी झाले म्हनलो."

"म्हाइत हाय."

"कसं?"

"म्या बी सहाच मोजले हुते."

सहादेव जागीच थांबला. ऊन डोक्यावर होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. "मग उतरलास कशाला?"

"तुमी झाले म्हनला म्हनून." रंगनाथ रस्त्याकडं बघत बोलत होता. "पयलं वाटलं, म्याच चुकलो. मग तुमच्या तोंडाकडं बघितलं. तवा कळलं. म्हनलं, ह्या मानसाला जर म्या एवढा नको असंन, तर जाऊ खाली. पर मधी गेल्यावर भ्या वाटलं. म्हनून आवाज दिला."

"रंगा, मी..."

"माफी मागू नका. माफी मागाया आला असता तर केशरपुढं मागितली असती. तुमी निस्तं सांगाया आलात, बरं केलं." तो पुन्हा चालायला लागला. "तुमचा राग न्हाई येत मला. राती जाग आली तर तुमचंच तोंड दिसतं, आन तरी राग येत न्हाई, ह्याचंच भ्या वाटतं. म्हनून म्हनतो, फिरून येऊ नका."

फाटा आला. एसटीची धूळ लांबून दिसायला लागली. सहादेवला त्याच्या खांद्यावरची जखम बघायची होती, भरली का ते. त्यानं विचारलं नाही. रंगनाथ गाडी थांबायच्या आधीच मागं वळला.

घरी पोचला तेव्हा सकाळ टळून गेली होती. रात्र त्यानं नगरच्या स्टेशनवर काढली होती. मुली खडीच्या कामावर गेल्या होत्या. मनकर्णा सुपात मिलो निवडत बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. असा तो कधी बसत नसे.

"तुला एक सांगायचंय. मधी उठू नको."

त्यानं सगळं सांगितलं. वाळूतली वाडी, आसाराम, त्याचा बाप. लग्न का केलं ते. ओट्यावर का झोपतो ते. रंगनाथ काय बोलला ते. शब्द जिथं सापडले नाहीत तिथं तो थांबला, आणि मनकर्णानं ते न विचारताच समजून घेतले. शेवटी त्यानं सातव्या बाराचं सांगितलं. तिची बोटं सुपात फिरत होती ती तिथं थांबली.

घरात माशी घोंगावत होती.

"अठरा वर्सं," मनकर्णा म्हणाली. "अठरा वर्सं मी समजत आले की माझ्यातच कायतरी उणं हाय. माझ्या अंगाला वास येतो का, मी दिसायला बरी न्हाई का. आईला विचारलं, ती म्हनली, उपास धर. मी सोमवार धरले, शुक्रवार धरले. आनि तुमाला म्हाइत हुतं."

"व्हय."

"एकदा सांगायचं व्हतं."

"कसं सांगू? मलाच सांगितलं नव्हतं मी."

ती रडली नाही. सुपातला एक खडा उचलून तिनं बाजूला टाकला, मग दुसरा.

"एक इचारते. खरं सांगा. त्यो मेला असता, तर त्या दिशी घरी येऊन तुमी भाकर खाल्ली असती का?"

सहादेवला वाटलं, इथं खोटं बोलावं. तिला तेवढं तरी द्यावं. ती त्याच्याकडं बघत होती.

"खाल्ली असती," तो म्हणाला.

मनकर्णानं सूप खाली ठेवलं. उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली, बाहेर ओस पडलेल्या रानाकडं तोंड करून. मघाचं सगळं तिनं ऐकून घेतलं होतं. हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं.

"मग तुमी ह्या घरात ऱ्हाऊ नका," ती तशीच म्हणाली. "तुमी तसे हायेत म्हनून न्हाई. त्ये मी पोटात घालीन, घातलंच म्हना. पर गप ऱ्हायला लागलात की तुमी मानूस मारता. पोरींच्या आंगाला हात लावू देणार न्हाई मी त्या गपपनाचा."

त्याला तिचं म्हणणं पटलं. अठरा वर्षांत ती इतकं कधी बोलली नव्हती.

गावात त्यानं सांगितलं की आता सुरुंगाचं काम सोसवत नाही. लोकांना पटलं. चैत्र सरताना ओळखीनं नगरजवळच्या नागापूरच्या नव्या कारखान्यांपैकी एका ठिकाणी पहाऱ्यावर काम मिळालं. राहायला भिंगारच्या लष्करी छावणीत, बाजाराच्या मागं एक खोली. निघायच्या दिवशी मनकर्णा स्टेशनपर्यंत आली. मुली मागं राहिल्या होत्या, धाकटी रडत होती. मनकर्णानं भाकरीचं गाठोडं त्याच्या हातात दिलं.

"पत्र धाडत जाऊ का?" त्यानं विचारलं.

"नको. मला वाचता येत न्हाई, विजयमाला वाचंल. तिच्यापुढं तुमी खोटंच लिव्हाल. सांगायचं असंल त्ये येऊन सांगा. न्हाईतर येऊ नका."

दौंडहून गाडी आली, थांबली, सुटली. ती फलाटावर थांबली नव्हती.

भिंगारात तो कुणाशी फार बोलत नसे. सकाळी लष्करातली माणसं रांगेनं पळत जात, तेव्हा तो खिडकी बंद करी. मग एक दिवस त्यानं ती उघडी ठेवली. कधी कधी कारखान्यात एखादं लोखंडी दार धाडकन लागे आणि त्याच्या तोंडून आकडा निघून जाई. शेजारच्या पहारेकऱ्यानं त्याला विचारलं, "काय मोजतोस रे?" सहादेवनं काहीबाही सांगितलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. चार महिन्यांनी एका माणसाशी त्याची ओळख झाली, सदरबाजारात सायकली दुरुस्त करणाऱ्या. फार काही नाही, संध्याकाळी दोघं बाकावर बसत. पण त्या बाकावर बसल्यावर काहीतरी लपवल्यासारखं त्याला वाटायला लागलं, आणि लपवताना आपलं तोंड कसं होतं ते आता त्याला माहीत होतं.

त्र्याहत्तरचा पाऊस पडला होता. हे मनकर्णाला सांगायचं म्हणून भाद्रपदात त्यानं दोन दिवसांची रजा मागितली आणि काष्टीला उतरला. बाजारात मुलींना खाऊ घेतला. घरापाशी आला तेव्हा परत फिरावं असं त्याला तीनदा वाटलं. विजयमाला दारात होती, ती आत ओरडली, "आई, बाबा आलेत."

मनकर्णा बाहेर आली. त्याच्याकडं नीट बघितलं. मुलींना तिनं शेजारी आक्काबाईकडं दळण घेऊन धाडलं, त्यांची पावलं गल्लीत ऐकू यायची थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला आणि समोर बसली.

"बोला," ती म्हणाली.